हातच्याची वाट पाहणारं यंत्र

साठीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी शहाद्याजवळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. विषय शिकवायचा, पण त्यातली पदवी मात्र तिथे मिळत नव्हती. इंटर झालं की पोरं जळगाव नाहीतर पुणं गाठायची आणि पोरी घरी बसायच्या. त्या वर्षी वर्गात तिघी मुली होत्या. त्यातल्या एकीच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, इथेच पदवी निघाली तर शिकेल, परगावी पाठवणार नाही. मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती यायची होती.

समितीला दाखवायला आमच्याकडे एकच लाखमोलाची वस्तू होती. भंगारात मिळालेल्या टेलिफोनच्या रिलेंचं, म्हणजे विजेने आपोआप पालटणाऱ्या खटक्यांचं, मी एक यंत्र बनवलं होतं. विजेचा दाब किती आहे ते हे यंत्र मोजायचं आणि दिव्यांच्या ओळीत आकडा दाखवायचं. पद्धत साधी. शून्यापासून एकेक पायरीने यंत्राने आपला आतला दाब चढवायचा, तो बाहेरच्या दाबाइतका झाला की थांबायचं. पण काय सांगू, महामंद! सुरू करून चहा बशीत ओतावा, फुंकून फुंकून प्यावा, तरी याचं कट-कट चालूच. आणि आमच्याकडची वीज म्हणजे घटकेत वर, घटकेत खाली. यंत्र थांबेपर्यंत शेजारच्या मीटरचा काटा भलतीकडेच गेलेला असायचा. आकडा निघायचा तो शिळा.

बरं, नवे रिले मागावेत तर प्राचार्य ऐकायला तयार नाहीत. त्यांना ते यंत्र होतं तसंच आवडायचं. कोणी पाहुणा आला की त्याला घेऊन यायचे आणि पळणारे दिवे दाखवायचे. चालतं यंत्र कशाला उसकटतोस, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं डोकं फिरायचं.

एक दिवस वर्गात बेरजेचा परिपथ शिकवताना माझ्या तोंडून सवयीने 'हातचा एक' निघालं आणि मी फळ्यापाशीच थांबलो. शाळेत आमचे गुरुजी हातच्यासाठी बोट उभं करायला लावत. एककाचं घर संपल्याशिवाय दशकाला हात लावायचा नाही. मी यंत्रही अगदी तसंच जोडलं होतं! पहिला रिले पालटणार, मग तो दुसऱ्याला हातचा देणार, तो पालटला की तिसऱ्याला. प्रत्येक पायरीला ही वरात. अरे, पण नऊशे नव्याण्णवात एक मिळवायला हातचे धरत कोण बसतं? सगळी घरं भरलेली दिसली की हजार म्हणून मोकळं व्हायचं. तसंच यंत्राचं. खालची सगळी घरं भरलेली असतील, तर ठोका, म्हणजे पायरी चढवणारा विजेचा झटका, त्यांच्या जुळलेल्या संपर्कांमधून थेट वर जाऊ द्यायचा, म्हणजे ज्यांना पालटायचंय ते सगळे एकदम पालटतील. नवीन सामान शून्य! फक्त तारा वेगळ्या जोडायच्या. स्वतःचाच असा राग आला की विचारू नका.

प्राचार्य धुळ्याला गेले तेव्हा मुलींना हाताशी घेऊन मी सगळ्या तारा सोडवल्या आणि कथलाचे डाग देऊन नव्याने जोडल्या. आता हातच्यासाठी थांबायचं नव्हतं, म्हणून ठोक्यांचा वेग वाढवायचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. कर्रकन आवाज आला, दिवे लागले, आकडा मीटरशी जुळला. दुकानदाराची मुलगी टाळ्या पिटायला लागली.

समिती आली. मी बटण दाबलं. कर्र, दिवे, आकडा. खेळ खलास. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "यात मोजलं कुठे? उत्तर तर आधीच लावून ठेवलंय." मी हातच्याची सगळी गोष्ट समजावली. ते घड्याळ बघत होते. जेवण झाल्यावर पुन्हा पाहू म्हणाले आणि उठले.

प्राचार्यांनी मला व्हरांड्यात ओढलं. चिडले की ते अहिराणीवर यायचे. "हाई काय करी टाकं भाऊ तू? पहिले दिवा पयेत ते दिखे तरी!" आधी दिवे पळताना दिसायचे तरी, असं त्यांचं म्हणणं. वाद घातला असता तर भांडणच झालं असतं. आत जाऊन ठोक्यांचं बटण उलटं फिरवलं, अगदी पहिल्याइतकं मंद होईपर्यंत.

जेवून तृप्त झालेली समिती परत आली. कट, कट, कट. दिवे सावकाश पळाले. अध्यक्ष खाली वाकून मोजायला लागले, प्राचार्य हसायला लागले. मधेच वीज खाली गेली, मीटरचा काटा घसरला आणि यंत्र भलत्याच आकड्यावर थांबलं. मीटरकडे एकानंही पाहिलं नाही. "आता कसं, मोजतंय असं वाटलं," अध्यक्ष म्हणाले आणि मान्यतेची शिफारस करतो असं सांगून जीपमध्ये बसले.

प्राचार्य त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. मी संतापाने स्टुलावर बसून राहिलो. दुकानदाराची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आकडा चुकला होता."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण तुझ्या शिकण्याची सोय झाली."

तिला आनंद व्हायला हवा होता. ती मीटरकडेच बघत राहिली. मग उठली, बटण तिने स्वतःच पुन्हा शेवटपर्यंत फिरवलं आणि यंत्र चालू केलं. आकडा बरोबर आला. बघायला त्या तिघी आणि मी, एवढेच होतो.