मी धरलंय

"ह्यांना दोर कशाला? ह्यांना शेपूट असतं."

मीनल हळूच बोलली. शेजारी उभ्या असलेल्या मुलापुरतं. तो नाकातून हसला. मी त्यांच्या पाठीमागे गुडघ्यावर बसून दोराची गुंडाळी सोडवत होते. मला ऐकू आलं. मला नेहमीच ऐकू येतं. जी माणसं बोलत नाहीत त्यांना ऐकूही येत नाही, असं लोकांना वाटतं.

समोरून माझी अक्का कड्याच्या पायथ्याची घसरडी चढण चढून येत होती. अनवाणी. साडी गुडघ्यावर खोचलेली, डोक्यावर पाण्याचा कॅन, कमरेवर उकडलेल्या कंदांची टोपली. कुठेही हात न टेकता येत होती. म्हणून शेपूट.

ती माझी सख्खी मोठी बहीण. मीनलला ते माहीत होतं. सकाळी जीप सोडून चालत वाडीत पोचलो तेव्हा मीच सांगितलं होतं.

बाजूला एक दगड होता. मुठीत मावेल असा. मी तो उचलला. मीनलने केस वर बांधले होते, मानेची मागची गोरी जागा उघडी होती. तिथे मारायचा. पूर्ण ताकदीने. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

मग मी तो खाली ठेवला आणि दोर सोडवत राहिले.

दगड खाली ठेवायची सवय मला जुनी. पुण्यात ती पक्की झाली.

आमची वाडी कर्नाटकात, जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याच्या पुढे. रस्ता संपतो तिथून चालायचं. भाताची खाचरं, थोडी सुपारी, बाकी जंगल. मला लहानपणीच दांडेलीला मावशीकडे ठेवलं, इंग्रजी शाळेत घातलं. दोघींना शिकवणं जमणार नव्हतं, म्हणून अक्का घरी राहिली. लावणीला ती, सरपणाला ती, गुरांमागे ती. मी सुट्टीला घरी गेले की माझे शाळेचे बूट तीच पुसायची. कौतुकाने. मला ते बघवायचं नाही. पण तेही मी कधी बोलले नाही. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की अख्खा वर्ग हसायचा, आणि इंग्रजी नीट यायला वर्षं गेली. तोवर गप्प राहणं हाडात मुरलं.

नोकरी पुण्यात लागली. ओळखीचं कुणी नाही. खोलीवरून ऑफिस, ऑफिसातून खोली. एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला ती भिंत दिसली. उंच, तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेल्या. माणसं दोराला लोंबकळत होती. मी कुंपणाबाहेर उभी, बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आत गेले.

भिंत मला आवडली. खरंच आवडली. तिथे बोलावं लागत नाही. बोटं कुठे, पाय कुठे, श्वास कधी, एवढंच. हाताला पांढरी पावडर फासायची आणि वर जायचं. वर गेलं की खालचं शहर लांब पडतं. माझे हात लवकर तयार झाले. जुन्या मुलींना जी वाट जमत नव्हती ती मला जमायला लागली. तेव्हा कुठे लोक माझ्याशी बोलू लागले.

बोलू लागले म्हणजे विचारू लागले. कुठल्या ग्रुपची? आधी कुणाबरोबर चढलीस? घरात कोण चढतं? तिथे प्रत्येकाच्या घरात कुणीतरी चढत होतं. मीनलचे आजोबा हिमालयात गेलेले, वडील गेलेले, तिला बूट बांधायला आजोबांनी शिकवलेलं. विक्रांतदादा सगळ्यांचा म्होरक्या. त्याच्यापेक्षा मोठी माणसंही त्याला दादाच म्हणायची. भिंतीवरून उतरलं की सगळे चहाच्या टपरीवर जमायचे आणि कुणी कुठला कडा पहिल्यांदा चढला ह्याच्या गोष्टी चालायच्या. प्रत्येक कड्यावरच्या प्रत्येक वाटेला त्यांनी नाव दिलेलं होतं. पायथ्याच्या गावाचं नाव मात्र कुणाला आठवायचं नाही. 'ते खालचं गाव' म्हणायचे.

मी जोयडा सांगितलं. दादाने फोनवर नकाशा काढला, बोटांनी ताणून मोठा केला. सगळा हिरवा. "अरे, ही तर जंगलातून आलीय," तो म्हणाला. त्या दिवसापासून माझं नाव जंगल पडलं. ए जंगल, चहा सांग. ए जंगल, दोर गुंडाळ. एकदा मी चुकून 'व्हय' म्हणाले, तर पुढे किती दिवस टपरीवर व्हय व्हय चाललं होतं. मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मग तेही कमी केलं.

त्यांच्यात एक रीत होती. नवा माणूस पहिल्यांदा खऱ्या कड्यावर आला की त्याला झटका द्यायचा. चढणारा दोराला बांधलेला असतो. तो दोर वर ठोकलेल्या कडीतून फिरून खाली येतो, आणि खाली एक जण तो धरून उभा असतो. चढणाऱ्याचा जीव त्याच्या मुठीत. झटका द्यायचा तेव्हा खालचा माणूस गुपचूप दोर ढिला सोडत जातो. मग ओरडून सांगतो, दोरावर बस, हात सोड, मी धरलंय. वरचा विश्वासाने हात सोडतो. आणि पडतो. बराच खाली गेल्यावर दोर आवळतो. बाकीचे फोन रोखून तयार असतात. ह्याने भीती मरते म्हणे.

पुण्याबाहेरच्या एका कड्यावर मला दिला.

"बस, जंगल. मी धरलंय," दादा खालून म्हणाला.

मी बसले. कमरेला दोराचा ताण आलाच नाही. मग तोंड दगडावर आपटलं. दात खालच्या ओठातून आरपार गेला. दोराने कमरेला असा हिसडा दिला की पोटातलं सगळं घशाशी आलं. मी उलटी लोंबकळत होते, रक्त नाकात शिरत होतं, आणि खाली टाळ्या वाजत होत्या. उतरवल्यावर कुणीतरी पाठीवर थाप मारली. आता तू आमची झालीस, म्हणाले. मी हसले. दातांवर रक्त होतं, तशीच हसले. इतरांच्या झटक्याच्या व्हिडिओंना त्यांनी गाणी लावली होती. माझ्या व्हिडिओला माकडाचा आवाज लावला.

ओठाला टाके पडले. टाके निघाल्यावर मी परत भिंतीवर गेले. त्या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं.

आमचा कडा दादाने माझ्या फोनमध्ये पाहिला. घरचा एक फोटो होता, त्यात खाचरांच्या मागे तो काळा उभा. हा कुणी चढलाय का, त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. "म्हणजे कुणीच नाही," तो म्हणाला. मग माझ्याशी त्यावर परत बोलणं झालं नाही. थेट तारीखच ग्रुपवर आली.

मुक्काम त्यांनी कुळगीच्या पर्यटक कॅम्पात केला. वाडीत राहायचा विषय निघाला होता, पण संडासाचं काय, असं मीनलने विचारलं आणि तो मिटला. सामान वर न्यायला वाडीतली माणसं लावली. अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. धाकट्या बहिणीची माणसं आलीत म्हणून ती आपणहून आली. त्यांनी तिच्या टोपलीचे फोटो काढले, कंदांचे, लाल चटणीचे, तिच्या हातांतल्या बांगड्यांचे. खाल्लं कुणी नाही.

दुपारपर्यंत दादाने बाजूच्या सोप्या अंगाने वर जाऊन कडी ठोकली. वाडीतली माणसं झाडाखाली बसून बघत होती. मग त्याला लहर आली. काय अक्का, चढणार का, त्याने विचारलं. अक्का लाजली. पदर सारखा करत माझ्याकडे बघितलं.

"चढू काय गं?"

डोळे चमकत होते तिचे. जन्मभर त्या कड्याखाली गुरं राखली होती तिने. मी मान हलवली. हो म्हणून.

दादाने तिच्यासाठी जुना हार्नेस, दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, काढायला सांगितला. दोराला हात घालणार तोच मीनल म्हणाली, "आपला नको. जंगलचा लावा." माझा दोर नवा होता. पहिल्यांदाच पिशवीतून बाहेर आला होता. तो लावला. साडीवरून पट्टे आवळले. साडी मांड्यांवर गोळा झाली. अक्का एका हाताने ती खाली ओढत होती आणि हसत होती. आणि फोन बाहेर आले. एक, मग दुसरा, मग सगळ्यांचे.

तेव्हा मला कळलं.

अक्का चढायला लागली. अनवाणी पायाची बोटं कपारीत रोवत, न थांबता. झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. शेजारचा म्हातारा ओरडला, "वर देव भेटला तर माझं बी सांग गं." सगळी वाडी हसली. वर अक्काही हसली, खाली न बघता.

दादाच्या हातातून दोर सुटत होता. हळूहळू. त्याच्यासमोर झोळ पडला होता. त्याने मीनलकडे बघून डोळा मारला. अक्काच्या पायांखाली कड्यातून दगडाचं एक टोक बाहेर आलेलं. पडली असती तर पाठीवर, त्याच टोकावर.

मला ओरडायचं होतं. अक्का, बसू नकोस. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. इतकी वर्षं गिळलेला आवाज वेळेवर कुठून येणार.

"अक्का, बस आता. हात सोड. मी धरलंय."

मी धावले. दादाच्या डोक्यावरून वर जाणारा दोर दोन्ही हातांनी पकडला आणि सगळं अंग टाकून खाली ओढला. त्याच क्षणी अक्का बसली. दोर परत वर निघाला, माझ्या तळव्यांतून. कातडी जळल्याचा वास कसा असतो ते मला तेव्हा कळलं. मी सोडला नाही. दोराने मला चवड्यांवर उचललं, दादाच्या छातीवर नेऊन आपटलं. वर अक्का घसरली, तिचा गुडघा सोलवटला, आणि ती थांबली. दगडाच्या टोकाच्या हातभर वर.

दादाने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली मारली.

"दोराला हात लावतेस? अक्कल आहे का? मेली असती ती."

कान बधिर झाला. हातांतून रक्त गळत होतं. मला त्याचा गळा दातांनी फोडायचा होता. पण मला हलता येत नव्हतं. अक्का अजून त्याच्या हातात होती.

वरून अक्का ओरडली, "कुणाला मारलास रे? माझ्या बहिणीला मारलास व्हय?"

झाडाखालची माणसं आता झाडाखाली नव्हती. आमच्याभोवती होती. दादाने त्यांच्याकडे बघितलं आणि अक्काला सावकाश खाली सोडलं. फार सावकाश. तिचे पाय जमिनीला लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. तिची गाठ मी सोडवली. बोटं वाकत नव्हती, दोर लाल झाला. गाठ सुटली. तिच्या अंगावरचे पट्टे काढले. साडी खाली केली.

मग वळले आणि त्याच हाताने त्याच्या थोबाडीत दिली.

त्याच्या गालावर माझा पंजा उमटला. मीनल किंचाळली. मी दुसरी दिली. तिसरीला त्याने माझं मनगट धरलं, तर म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. दादाने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि तोंडावर हसू आणलं. टपरीवरचं, सगळ्यांना सांभाळून घेणारं हसू.

"अगं, गंमत होती," तो म्हणाला. "आपण सगळ्यांना देतो. तुलाही दिला होता. तू तर हसली होतीस."

अक्का माझ्या ओठाकडे बघत होती. टाक्यांच्या वणाकडे. तिला मी न्हाणीत घसरून पडले असं सांगितलं होतं. वाडी बघत होती. एकदोन फोन अजून चालूच होते.

मी तोंड उघडलं. ह्या वेळी आवाज आला. मी म्हणाले,

"व्हय, हसले. ह्यालाच माणसांत घेणं म्हणत्यात, असं वाटलं मला. आता न्हाई. दोर माझा हाय. तो तुमच्यातल्या कुणाच्या हातात परत जायचा न्हाई. ह्यो कडा मी चढणार. आन् खाली दोर धरून अक्का उभी ऱ्हाणार."