काकांचा लांबलेला चातुर्मास

लिहिणाऱ्या माणसाजवळ काहीतरी असावं लागतं. ते माझ्याजवळ आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वडील सही तेवढी करायचे, तीही जीभ दातांत धरून. त्यामुळे कागद पुढं ओढला की मला दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसल्यासारखं होतं. वाचणाऱ्यांनी एवढं सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे तेही फार नाही. आमच्या गावची जत्रा, जत्रेतला पाळणा आणि माझ्या काकांचं वांग्याचं भरीत, एवढंच.

चौसाळ्याला एसटीतून उतरून आत चालत गेलं की आमचं गाव लागतं. जत्रा खंडोबाची, चंपाषष्ठीला. आमच्याकडं आषाढात चातुर्मास लागला की वांगं सुटतं ते चंपाषष्ठीलाच परत तोंडात जातं. मधले सगळे महिने शेतात वांगी लटकत असली तरी घरात शिजत नाहीत. म्हणून त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि साऱ्या गावाला त्याचंच जेवण. देवळामागं लांब चर खणायचे. त्यात गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, पाडून गव्हाच्या पिठाचे रोडगे भाजायचे, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची. भाजलेली वांगी मोठ्या काठवटीत घालून, कांद्याची पात नि लसूण टाकून मुसळानं रगडायची. हे रगडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं होतं, आणि म्हणून पहिला नैवेद्यही आमच्या घराचा.

माझ्या लहानपणी रगडायला काकाच बसायचे. वडिलांचे धाकटे भाऊ. दंडाला जोर होता आणि भरीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. काम संपलं की हात न धुताच ते मला लाकडी पाळण्यात बसवायचे. चार खोकी, दोन माणसं हातानं ढकलणार. पाळणा वर जाऊन खाली यायला लागला की पोटात खड्डा पडायचा. काका माझा दंड घट्ट धरायचे आणि माझ्या सदऱ्याला भरताचा वास लागायचा. त्या वासात मला भीती वाटायची नाही.

जत्रा गोड होती असं मात्र कोणी समजू नये. बाहेरगावची माणसं जत्रा कशी झाली असं विचारत तेव्हा आमची माणसं आधी डोकी किती फुटली ते सांगत. कुस्तीच्या फडात निकालावरून दगड चालायचे. रेवड्यांच्या पालापाशी कुणीतरी कुणाच्या कानाखाली मारायचा, आणि त्याचे भाऊबंद धावून यायचे. आम्ही पोरं गोडीशेव खात ते बघायचो.

मी दहावी पास होऊन बीडला अकरावीला गेलो, त्या वर्षी लोखंडी पाळणा आला. गावात तेव्हा दोन-तीन घरांवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या आणि फाट्यावर एसटीडीची पिवळी पेटी बसली होती. काळी-पिवळी जीप चालवणारा एक जण होता. आमच्याच वयाच्या पोरांत उठणारा-बसणारा, पण काकांहून थोडाच लहान. त्याच्या घराण्यात जमीन होती, चुलता पुढारी होता. औरंगाबादच्या प्रदर्शनात त्यानं तो पाळणा पाहिला आणि मालकाला गळ घालून गावात आणला. डिझेल इंजिन, लांब पट्टा, कडेनं ट्यूबलाइटी. पाळणा देवळाच्या शिखराहून उंच गेला तेव्हा म्हातारी माणसं कळसाकडं बघत राहिली.

वाद उभा राहिला तो पहिल्या फेऱ्यावरून. लाकडी पाळण्यात पहिला कोण बसला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. पण हा पाळणा एवढा मोठा, की त्यालाही मान असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. जीपवाला म्हणाला, पाळणा मी आणला, पहिला फेरा माझा. काका म्हणाले, नैवेद्याचा मान ज्या घराचा, जत्रेतल्या प्रत्येक गोष्टीचा पहिला मान त्या घराचा. पाळण्याचा मालक परमुलखातला. तो दोघांनाही हात जोडत राहिला.

काका काठवट सोडून आले. मुसळ हातातच होतं. त्यांनी मला दंडाला धरून पहिल्या पाळण्यात बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरचं कॉलेजात जाणारं लेकरू बसंल पहिलं. कावून न्हाई बसायचं?"

मला बसायचं नव्हतं. पण काकांपुढं नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती. भेदरलेल्या मालकानं इंजिन सुरू केलं. मी वर गेलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार आनंद झाला. खाली भंडाऱ्यानं पिवळं झालेलं देऊळ, पलीकडं ज्वारीची हिरवी शेतं, हमरस्त्यावरच्या मोटारी काडेपेटीएवढ्या. पोटात तोच जुना खड्डा पडला. मग पट्टा फाटल्यासारखा आवाज आला आणि मी अगदी टोकाला असताना पाळणा थांबला. जीपवाल्याच्या माणसांनी इंजिन बंद केलं होतं.

पुढचं सगळं मी वरून पाहिलं. भोंग्यावर गाणी चालू होती, त्यामुळे खालचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. काकांनी एकाच्या कपाळावर मुसळ घातलं. तो बसला तो उठलाच नाही, हातानं डोळ्यांवरचं रक्त निपटत राहिला. आमच्या भावकीतल्या कुणीतरी चरातल्या जळत्या काड्या उपसल्या. समोरून कुणी घमेलंभर आर फेकला. एका बाईच्या लुगड्यानं पेट घेतला आणि तिला लोकांनी मातीत लोळवलं. रोडगे दगडासारखे भिरकावले जात होते. भंडाऱ्याची धूळ अंगाला बसलेली, त्यावर रक्त सांडलं की ते लाल न दिसता काळपट दिसायचं. मी पाळण्याचा दांडा धरून ओरडत होतो, पण माझाही आवाज मला ऐकू येत नव्हता.

जीपवाल्यानं इंजिनाचं लोखंडी हँडल काढलं आणि मागून येऊन काकांच्या उजव्या हातावर मारलं. मग परत मारलं. जिथं कोपर नाही तिथं काकांचा हात वाकला. मुसळ खाली पडलं. काकांनी वर माझ्याकडं पाहिलं, जणू मी नीट बसलोय का एवढंच बघायचं होतं. मग ते गुडघ्यावर बसले.

पाळण्याचा मालक पळाला होता. हँडल गेल्यामुळे इंजिनही चालू होईना. शेवटी मालकाची बायको लुगड्याचा काचा मारून पाळण्याच्या आऱ्यांवर चढली आणि आपल्या वजनानं एकेक आरा दाबत मला खाली घेतलं. तिनं विचारलं, "तुमच्या गावात जेवायला बोलावतात का मारायला?"

फौजदारी झाली, मग जीपवाल्याच्या पुढारी चुलत्यानं मध्ये पडून मिटवली. काकांचा हात वाकडा बसला. पेला उचलता यायचा, मुसळ नाही. भरीत रगडायचं काम वडिलांकडं आलं. पण काकांनी हॉस्पिटलातून आल्या आल्या देवळात जाऊन कपाळाला भंडारा लावला आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

"त्याचा हात माझ्या हातानं मोडीन, मगच वांग्याला तोंड लावीन. तवर माझा चातुर्मास सरला न्हाई."

आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. काकूचे तर हालच झाले. शेतात निम्मं रान वांग्याचं, आणि घरधनी वांगं खात नाही. ती म्हणायची, भांडण माणसाशी आणि शिक्षा भाजीला. पौषात शेतावर हुरड्याला माणसं जमायची. आगटीतून गरम कणसं काढून काका हातावर चोळायचे, साऱ्यांना हुरडा वाढायचे, आणि भरताचं पातेलं आलं की उठून बांधावर जाऊन बसायचे. एकदा कुणीतरी चेष्टा केली, "का बे, भेंडीवर काय राग न्हाई ना?" काकांनी डाव्या हातानं त्याच्या तोंडावर असा ठोसा मारला की हुरड्याच्या दाण्यांत त्याचा दात सापडला. त्यानंतर चेष्टा थांबली. मग आमच्या ध्यानात आलं, की काका रोज पहाटे गोठ्यात डाव्या हातानं तुरीची खोडं मोडत बसतात.

पुढच्या जत्रेला जीपवाला गावात थांबलाच नाही. मी घरी आलो की काकांच्या ताटाकडं बघायचो. वांगं नसलं की समजायचं, अजून काही झालेलं नाही. दर वेळी मला आधी हायसं वाटायचं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात जीपवाल्याची जीप उलटली. इतर वाचले, त्याचा उजवा हात मोडला. गावात एकच बोलणं, खंडोबानं केलं. त्या संध्याकाळी काकूनं वांगी भाजली, भरीत केलं, वर तेलाची धार सोडली आणि ताट काकांपुढं ठेवलं. मी तेव्हा सुट्टीत घरी होतो. काकांनी ताटाकडं पाहिलं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मग त्यांनी ताट हळूच सरकवलं.

"देवानं देवाचं बघितलं. माझं हायच अजून."

मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट सुरू केली. जीपवाल्याच्या हाताची चौकशी. तो गावठी हाड बसवणाऱ्याकडं चाललाय असं कळल्यावर त्यांनी निरोप धाडला, की तसं करू नको, बीडच्या मोठ्या डॉक्टरकडं जा, हाड नीट बसू दे. प्लॅस्टर निघालं का, मूठ वळते का, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. एकदा तर घरचं तूप पाठवलं. जीपवाल्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला म्हणे. गाव म्हणालं, माणूस निवळला. मलाही तसंच वाटलं. मी तोवर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, चार पुस्तकं वाचली होती. दुसऱ्याच्या दुखण्यातून आपलं दुखणं कळतं, असं मी होस्टेलच्या मित्रांना काकांचा दाखला देऊन सांगितलंसुद्धा.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी माझी परीक्षा होती. वडिलांचा निरोप आधीच आला होता, की लोखंडी पाळणा परत येतोय, आणि पुढाऱ्यानं समेट ठरवलाय. पहिला फेरा दोघांनी मिळून घ्यायचा, एकाच पाळण्यात शेजारी बसून. काका हो म्हणाले होते. पेपर सुटल्यावर मी होस्टेलसमोरच्या एसटीडीवर जाऊन बसलो. गावच्या फाट्यावरून फोन करायचं ठरलं होतं. फोन आला नाही. बूथवाला म्हणाला, लाइन खराब असंल.

दुसऱ्या दिवशी दुपारी होस्टेलच्या दारात काकू उभी होती. ती कधीच एकटी बीडला आली नव्हती. हातात फडक्यात बांधलेला डबा. मी डबा उघडला. रोडगे आणि भरीत. भरीत पाहून मला वाटलं, झालं, मिटलं. मी विचारलं, काका बसले का त्याच्याबरोबर?

"बसले," काकू म्हणाली. "हार घालून बसले दोघं. लोकायनी टाळ्या वाजवल्या."

मग तिनं एका दमात सांगितलं. पाळणा हळूहळू वर गेला. टोकाला पोचला तेव्हा काकांनी जीपवाल्याचा उजवा हात दोन गुडघ्यांत धरला आणि पाळण्याच्या लोखंडी दांड्यावर मोडला. खाली गाणी लागली होती, कुणाला काही ऐकू आलं नाही. जीपवाल्याचं तोंड उघडलेलं तेवढं दिसलं. लोकांना वाटलं, तो हसतोय. पाळणा खाली आल्यावर काका उतरले, हौदावर हात धुतले आणि चरापाशी जाऊन पाटावर बसले. पोलीस आले तेव्हा ते जेवत होते. पोलीस ताट संपेपर्यंत थांबले. आज त्यांना बीडच्या कोर्टात आणलं होतं, म्हणून ती आली होती.

मी विचारलं, खाल्लं त्यांनी?

"खाल्लं, लेकरा. पोटभर खाल्लं. मीठ कमी हाय म्हणले."