मोजणारा धरायचा नाय

तर्जनी छातीशी धरून तो हळूच हलवायचा. ओठ मिटलेले, डोळे मात्र एकेका माणसावर थांबत पुढे जायचे. शेवटच्या माणसावर बोट टेकलं की मान एकदा हलायची आणि तो म्हणायचा, "सहा. बरोबर हाय." नवख्याला वाटायचं, याचं गणित कच्चं दिसतंय, कारण आम्ही असायचो सात. कोणी तसं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मोजणारा धरायचा नाय."

तुमच्याही ओळखीत काळजी करणारा एखादा असेल. गॅस बंद केला ना म्हणून स्टँडवरून घरी परतणारा, नाहीतर कुलूप तीनदा ओढून बघणारा. पण तुमचा तो स्वतःच्या घराची काळजी करत असेल. आमचा हा दुसऱ्यांची डोकी मोजायचा. रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळीच्या एका कंपनीत आमचा सातजणांचा घोळका कंत्राटावर होता, मी पॅकिंगला आणि तो कोल्ड स्टोअरला. आधी तो बोटीवर खलाशी होता, म्हणून त्याला सगळे तांडेल म्हणायचे. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, सगळ्यांवर हुकूम सोडणारा. हा तर चहावाल्यालासुद्धा साखर जास्त झाली म्हणून सांगायला कचरायचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

एक दिवस युनियनचा निरोप आला. कोल्हापूरला तरुण कामगारांची परिषद आहे, दोन दिवसांची, पस्तिशीच्या आतले सातजण पाठवा. आमची युनियन तेव्हा अगदी नवी होती आणि कंपनीला तिचं नावही खपत नव्हतं. कंत्राटी माणसाला घरी बसवायला कारण लागत नाही, 'उद्यापासून येऊ नको' एवढं पुरतं. त्यात गणपतीची रजा नुकतीच संपलेली. तेव्हा खरं कारण सांगून रजा मागणं शक्यच नव्हतं.

अर्ज लिहायचं काम तांडेलकडे गेलं, कारण त्याचं अक्षर आमच्यात बरं. त्याने पाकिटातून एक घडीचा कागद काढला. वैशाखात चुलतबहिणीच्या लग्नाला त्याने रजा घेतली होती, त्या अर्जाची ती नक्कल. तो अर्ज एका दिवसात मंजूर झाला होता, म्हणून त्याने तो जपून ठेवलेला. एकदा पार पडलेली गोष्ट बदलायची नाही, हा त्याचा स्वभावच. 'घरी लग्नकार्य असल्याने' हे वाक्य त्याने सात अर्जांत सात वेळा सुवाच्य अक्षरात उतरवलं, आम्ही खाली सह्या ठोकल्या आणि सुपरवायझरने न वाचता मंजूर करून टाकलं.

एसटी आंबा घाट चढायला लागली आणि माझ्या शेजारी बसलेला तांडेल पांढराफटक पडला. मला वाटलं गाडी लागली. मी पिशवीतून लिंबू काढून दिलं. त्याने ते घेतलं नाही.

"बाय," तो हळूच म्हणाला, "आता पितरपाख चालू हाय ना? पितरपाखात लगीन कोणाचं असतंय?"

मी आधी हसले. मागच्यांना सांगितलं, तेही हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं. पितृपक्षात एकाच कंपनीतल्या सातजणांच्या घरी लग्न! म्हाळ आहे असं लिहिलं असतं तर कोणी मान वर करून बघितलं नसतं. सगळ्यांच्या घरी त्या पंधरवड्यात पितरांचं पान असतंच. खरं वाटणारं कारण हाताशी होतं आणि आम्ही वैशाखातलं कारण भाद्रपदात लावलं होतं.

मलकापूरला गाडी थांबली तेव्हा चहा कोणालाच गोड लागेना. तांडेलने उतरताना मोजलं, परत चढायच्या आधी मोजलं. मी उगाच चिडून विचारलं, की तू स्वतःला का धरत नाहीस. मग त्याने सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. बोटीवर ते आठजण होते. जाळं ओढून झालं, परतायची घाई होती आणि मोजायचं काम त्याच्याकडे होतं. मोजले, आठ भरले. बंदराला आल्यावर कळलं की एकजण नाही.

"सुरवातीला मी मला धरलं, शेवटाक पण धरलं," तो म्हणाला. "आकडा बरोबर होता. माणूस पाण्यात होता."

त्या माणसाला दुसऱ्या बोटीने उचललं, जाळ्याचा बोया कवटाळून तो तासभर तरंगत होता. वाचला. पण तांडेल पुन्हा बोटीवर चढला नाही. त्याची आई तेव्हापासून निवांत झोपते, असंही त्याने सांगितलं, आणि लगेच, अर्जाचा घोळ आपलाच आहे, आईला काय सांगू, हे तीनदा सांगितलं.

परिषदेचं सभागृह भलंमोठं होतं. साखर कारखान्यांतले, सूतगिरण्यांतले, हॉटेलांतले, कुठले कुठले तरुण आलेले. घोषणा चालू असताना आमचा तांडेल खुर्च्यांच्या रांगेत मोजत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीतर्फे दोन मिनिटं बोलायला त्याचं नाव पुकारलं. हातातल्या कागदावर पगाराचं, हातमोज्यांचं, कायम करण्याचं सगळं लिहून दिलेलं होतं. तो माइकसमोर उभा राहिला आणि कागद त्याने वाचलाच नाही. म्हणाला, आमच्या कोल्ड स्टोअरात किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली ते कोणी बघत नाही. दार बाहेरून लागतं. मी मोजतो. ते माझं काम नाही, कोणाचंच नाही, म्हणून मी मोजतो. ज्या दिवशी मी रजेवर असेन त्या दिवशी कोण मोजेल?

एवढं बोलून तो घाबरून खाली आला. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. तो माझ्याशेजारी बसला आणि कुजबुजला, "आज कोण मोजतंय तिकडं?" मला त्याचा फार अभिमान वाटला आणि हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

परत आलो तर ऑफिसात सातजणांना बोलावणं. कोल्हापूरची खबर आमच्या आधी पोचली होती. साहेब सोलापूरकडचे, पण पितृपक्ष त्यांनाही कळत होता. त्यांनी टेबलावर सात अर्ज ओळीने मांडले, सातही एका अक्षरातले. आम्ही भिंतीला लागून उभे. माझ्या घरी कमावती मी एकटीच, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. बाजूला नजर गेली तर तांडेलचं बोट छातीशी हलत होतं.

साहेबांनी विचारलं, "परिषदेला किती जण गेले होते?"

"एक," तांडेल म्हणाला.

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"एकच. मी. ह्यांच्या घरी म्हाळ होता. अर्ज मी लिवले, माझ्यावरनंच उतरवले. लगीन माझं खोटं."

त्या बोटीनंतर पहिल्यांदा त्याने स्वतःला मोजलं होतं आणि आम्हाला सोडून दिलं होतं. साहेबांना ते पटलं असेल असं मला वाटत नाही. पण ऐन हंगामात सातजणांना काढणं त्यांनाही परवडणारं नव्हतं, एक पुरेसा होता. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणि मी गप्प राहिले. इतरही राहिले, पण मी माझं सांगते.

युनियनने त्याची केस घातली आहे, तारखा पडतात. कोल्ड स्टोअरच्या दाराशी आता वही आहे, आत जाणाऱ्याने आणि बाहेर येणाऱ्याने सही करायची. ती सुरक्षा सप्ताहात आली असं फलकावर लिहिलंय. तांडेल आता मिरकरवाड्याच्या बंदरातून एका बोटीवर जातो. त्याची आई मला बाजारात भेटली होती. मी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं, की बोट बंदराला लागेपर्यंत झोप येत नाही.

यंदा परिषद पुन्हा कोल्हापूरलाच होती, पुन्हा पितृपक्षातच. आम्ही राहिलेल्या सहाजणांनी ज्याचा त्याने अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी लिहिलं, युनियनची परिषद. मंजूर होईल की नाही ते निघायच्या आदल्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

मलकापूरला चहा पिऊन सगळे गाडीत चढले. माझं बोट आपसूक छातीशी गेलं. मोजले तर पाच. म्हटलं, स्वतःला धरू, निदान सहा होतील. धरलं. सहा, तो म्हणायचा तोच आकडा आला.

कंडक्टरने दार लावता लावता विचारलं, "आले काय सगळे?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही.