जज्जसाहेबांची माघार

निकाल द्यायला आमच्या शेजारच्या जज्जसाहेबांइतका घाबरणारा माणूस उभ्या अमेरिकेत सापडायचा नाही. कोर्टात ते भल्याभल्यांची बोलती बंद करतात म्हणे. पण काळा झगा उतरवून शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या गल्लीत गाडी वळवली, की 'आज थंडी जास्त आहे का' या प्रश्नालाही त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळत नाही. आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून ते विशीत शिकागोला आले. दिवसा बांधकामावर विटा वाहिल्या, संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकले, वकील झाले आणि शेवटी जज्ज. एवढं होऊनही चहा मात्र आपल्यासारखाच, दूध घालून, कितीही वेळा. आमच्या ह्यांचे मित्र मला वहिनी म्हणतात, ते ऐकून तेही म्हणू लागले. त्यांच्या इंग्रजीत तेवढा एकच मराठी शब्द, पण तो ते साक्षीदाराला पुकारावं तसा खणखणीत उच्चारतात.

एकदा मी सहज विचारलं, "चहात आलं जास्त झालंय का?" आलं कुणी किसलं, याची त्यांनी आधी चौकशी केली. ह्यांनी, असं कळल्यावर म्हणाले, "मग त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही." हे गॅरेजमध्ये होते. ते येईपर्यंत चहाचं पार पाणी झालं, पण जज्जसाहेब कप धरून बसून राहिले. दोन घरांमधली हद्द नक्की कुठे, हे ठरवायला नको म्हणून हिवाळ्यात ते आमच्या दारातला बर्फही स्वतःच काढून टाकतात. त्यांच्या या तत्त्वनिष्ठेबद्दल आमच्या घरात कुणाचीही तक्रार नाही.

त्यांची खरी कीर्ती झाली ती गणपतीत. आमच्या मंडळाच्या मोदक स्पर्धेत दरवर्षी भांडणं होतात. उकडीचेच खरे म्हणणारे एकीकडे, तळणीचे करणारे दुसरीकडे. तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी, नागपूरचा आयटीवाला पोरगा, मला म्हणाला, "काकू, तुमच्या शेजारच्या जज्जना इन्व्हाइट करू या ना यार. खरा जज्ज आला तर कोण आर्ग्यू करणार?" जज्जसाहेब सूट घालून आले. प्रत्येक ताटातला मोदक त्यांनी डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "स्पर्धकांपैकी एक बाई माझ्या शेजारी राहतात. त्यांच्या हातचं मी वर्षानुवर्षं खात आलोय. माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका येऊ शकते, म्हणून मी या कामातून माघार घेतो." आणि बसले. निकाल लागलाच नाही, त्यामुळे आपणच जिंकलो असं सगळ्याजणींना आजतागायत वाटतं. मलाही वाटतं, पण माझ्या बाबतीत ते खरं आहे.

आता माझी गोष्ट. ह्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व कधीच घेतलं होतं. मी मात्र ग्रीन कार्डावर अडून बसले होते. भारताचा पासपोर्ट परत द्यायचा, या विचारानंच मी भरायला घेतलेला अर्ज पुन्हा खणात टाकायची. पण सांगलीला आई न्हाणीघरात पडली, आणि तिच्याजवळ महिनोन्महिने राहायची वेळ आली. ग्रीन कार्डावर तेवढे दिवस बाहेर राहिलं तर परतताना शंभर प्रश्न. म्हणजे भारतात निवांत राहायचं, तर आधी भारताचं नागरिकत्व सोडायचं. हा कुठला न्याय, असं मी जज्जसाहेबांनाच विचारलं. नव्या नागरिकांना शपथ देण्याचं काम त्यांच्याकडे असतं, म्हणून म्हटलं, "सोडायचंच आहे तर तुमच्यासमोर सोडते. मला शपथ तुम्हीच द्या." त्यांनी कप खाली ठेवला. "विचार करून सांगतो," म्हणाले, आणि नंतर तो विषयच काढला नाही.

शपथेच्या दिवशी समोरच्या उंच खुर्चीवर भलत्याच बाई. माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांच्या चहाला हा माणूस जागला नाही, असं मनात म्हणत मी हात वर केला. 'आजवर ज्या देशाची नागरिक होते, त्या देशाशी असलेली निष्ठा सोडते' या वाक्याच्या मध्यावर मी अडले. मी मागे ह्यांच्याकडे पाहिलं. नातेवाइकांच्या खुर्च्यांत, ह्यांच्या शेजारी, जज्जसाहेब बसले होते. साधा कोट घालून, हातात माझी पर्स सांभाळत. त्यांनी हळूच मान हलवली. मी उरलेलं वाक्य पुरं केलं.

बाहेर आल्यावर मी भांडायलाच उभी राहिले. "इथेही माघार?"

"नियमात काही अडचण नव्हती वहिनी, मी तपासून पाहिलं," ते म्हणाले. "पण शपथ देणाऱ्याला मागच्या खुर्च्यांत बसता येत नाही. मी शपथ घेतली, तेव्हा मी पण असंच मागे वळून पाहिलं होतं. माझं कुणीच नव्हतं तिथे."

मला रडू आवरेना. ह्यांनी रुमाल शोधेपर्यंत जज्जसाहेबांनी आपला पुढे केला.

पुढच्याच महिन्यात मी सांगलीला गेले. आईनं सगळं ऐकून घेतलं, पासपोर्टाचंही. मग विचारलं, "शपथ घेताना तुझ्या माहेरचं कुणी होतं का गं?"

"होते एक," मी म्हटलं. "आयर्लंडचे."

आईनं आयर्लंड कुठे आहे ते विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "जाताना त्यांच्यासाठी भडंग ने."