लिंबाखालची माय

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं याबद्दल आमच्या गावात दोनच मतं आहेत. एक, पारावर बसावं. दोन, घरात बसून बायकोचं डोकं खावं. मी दोन्ही चार-चार महिने करून पाहिलं. नवव्या महिन्यात बायकोनं हात जोडले. "कुठंबी जा बाप्पा. सुशानात जाऊन बसले तरी मले चालन." छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे सांगितलेलं काम नेमकं तेवढंच करायची मला सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्मशानात गेलो.

आम्ही गोसावी. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि पुरतात. वर ओटा बांधतात, ऐपत असेल तर दगड उभा करून त्यावर नाव कोरतात. गावाच्या खालच्या अंगाला अशी आमची दीडेक एकर जागा आहे. तिथं ग्रामपंचायतीनं कंपाउंडची भिंत मंजूर करून आणली होती. भिंत नेमकी कुठून जाणार हे सरपंचालाही ठाऊक नव्हतं, पण आड येतील ते दगड उचलून टाकायचे एवढं ठरलं होतं. म्हणून म्हटलं, कोण कुठं बसलंय ते एकदा वहीत उतरवून ठेवू, आणि कोणाचा कोण लागतो तेही शेजारी लिहू. ती नावं मी इथं मात्र लिहिणार नाही. मला याच भाऊकीत मरायचं आहे.

काळा दगड, पावसापाण्यानं घासलेला, अक्षरं काही दिसेनात. मग मी एक युक्ती काढली. दगडावर ज्वारीचं पीठ चोळायचं आणि वरून कोरडं फडकं फिरवायचं. पीठ अक्षरांच्या खाचांत बसतं आणि नाव पांढरंफेक वर येतं. बायको म्हणाली, "भाकरीचं पीठ मढ्याईले चारून राह्यले तुमी!" ते एक परवडलं. पण भरदुपारी मास्तर एकटाच स्मशानात बसतो, थडग्यांना पीठ लावतो आणि वहीत नावं लिहितो, ही बातमी दोन दिवसांत मालेगावच्या बाजारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या दोघी जणी लिंबू घेऊन माझ्याकडं आल्या. नणंदेचं काही करता येईल का, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना हाकललं, तर जाताना त्या म्हणाल्या की मोठ्या लोकांचीच कामं घेते हा.

करणीचा संशय फिटला तो जात पडताळणीमुळं. कोणीतरी उठवलं की जुन्या दगडावर जात लिहिलेली असली तर ती पुरावा म्हणून चालते. झालं! जिवंतपणी ज्यांनी आज्याला पाणी विचारलं नाही ते पणज्याचा दगड शोधत मोटारसायकलीवर येऊ लागले. एकानं विचारलं, "मास्तर, माह्या पणज्याच्या दगडावर जात लिवली काय?"

"नाही. 'शिवार्पण' लिहिलंय."

"त्याच्या म्होरं जागा हाये ना पण?" त्यानं पिशवीतून छिन्नीच काढली. मी वहीत त्या दगडापुढं 'जागा आहे' अशी नोंद करून ठेवली, म्हणजे पुढं तिथं काही उगवलं तर कोणाला विचारायचं ते कळेल.

या गर्दीत एक दिवस आत्या आली. वय ऐंशीच्या वर, कमरेत वाकलेली, तोंड मात्र ताठ. ती गावची लेक. नवरा वारल्यावर बापाच्या दोन खोल्यांत परत येऊन राहिली, म्हणून ती सगळ्या गावाची आत्या. येता येता तिला एका ओट्याची ठेच लागली. ठेच लागली की जगातलं कोणीही 'अगं माय' म्हणतं. आत्या मात्र सावत्र आईचं नाव घ्यायची आणि त्याला जोडून एक शिवी द्यायची. भाकर करपली, शेळी सुटली, लाइट गेली, की तेच नाव आणि तीच शिवी. सावत्र आईनं तिला शाळेतून काढून शेण थापायला बसवलं होतं आणि शिळ्या तुकड्यावर वाढवलं होतं. ती बाई मरून चाळीस वर्षं झाली होती, पण आत्याचं तोंड काही थांबलं नव्हतं.

"मास्तर," ती टेकत म्हणाली, "तू सऱ्याईचे नावं काढून राह्यला. माह्या मायचं नाव काढून दे मले."

मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. पण नव्हती. आई गेली तेव्हा ही दोन वर्षांची. बाप बायकोचं नाव घेणार नाही, तो काळच तसा होता. वर्षात दुसरी आली, आणि मग घरात पहिलीचा विषय काढायचीही सोय राहिली नाही. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं मेलेल्यांच्या नावानं पान वाढतात आणि विस्तवावर घास टाकतात. घास टाकताना नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं नाही तर घास पोचत नाही. आत्याला भाऊ नाही, त्यामुळं हे सगळं तिच्याच गळ्यात. बापाचं नाव घ्यायची, सासू-सासऱ्याचं घ्यायची, नवऱ्याचंसुद्धा मेल्यावर घ्यायला लागली. आईच्या पानाशी आली की नुसतं 'माय' म्हणायची.

"गावात दोनशे माया मेल्या असतीन," ती म्हणाली. "मंग माह्या मायचा घास कोन खाते, सांग बरं? इतके वर्स ते उपाशी हाये. आता माहे किती दिस राह्यले? मी गेली की तिले पान वाढनारंच कोनी नाही."

मी आधी कागद धुंडाळले. मालेगावला तहसिलीत जाऊन जुनं कोतवाल बुक पाहिलं. आत्याच्या जन्माची नोंद सापडली: बापाचं नाव, बापाच्या बापाचं नाव आणि पुढं 'मुलगी'. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिच्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. राहता राहिला दगड. दगड कोणता ते आत्याला माहीत होतं, बापानं लहानपणी एकदा लांबून दाखवला होता. लिंबाखालचा. अडचण एवढीच होती की तो दगड आता देव झाला होता.

आमच्याकडं उभा दगड फार दिवस मोकळा राहत नाही. या दगडावर दोन पावलं कोरलेली होती. कोण्या एका बाईनं मूल होत नाही म्हणून तिथं दोरा बांधला, तिला मुलगा झाला, तिनं शेंदूर लावला. मग दर मंगळवारी शेंदूर-तेल, नवसाच्या बांगड्या, खण. साठ-सत्तर वर्षांत दगडावर चार बोटं जाड थर चढला. अक्षरं त्याच्या आत. भाऊकीतल्याच एका म्हाताऱ्यानं पुजारीपण घेतलं होतं आणि गाव त्या दगडाला 'लिंबाखालची माय' म्हणत होतं. तिची सख्खी लेक दर मंगळवारी त्याच रांगेत उभी राहून सगळ्यांसारखा नारळ फोडायची.

शेंदूर खरडायची परवानगी मागायला आम्ही दोघं गेलो. पारावर सगळे जमले. पुजारी कडाडला, "देवीची साल काढतं काय बे मास्तर?"

"अहो, ही देवी नाही. हिची आई आहे ती."

"मंग आमाले लेकरं काय हिच्या मायनं देले?"

ज्यांना लेकरं झाली होती ते सगळे माझ्याकडं रागानं पाहत होते. शेवटी एका शहाण्यानं तोडगा काढला. शेंदराचे थर जड झाले की कधीतरी आपसूक सुटून पडतात, देवानं खोळ टाकली असं म्हणतात. ती नदीत सोडतात आणि देवाला नवा शेंदूर लावतात. तर देवीनं स्वतः खोळ टाकली, तर नवा शेंदूर लागायच्या आत मास्तरनं काय वाचायचं ते वाचावं. सगळ्यांना हे पटलं, कारण खोळ कधी पडेल याचा नेम नव्हता. चार बोटं थर आणि ऐंशी वर्षांची आत्या, गाव निर्धास्त होतं.

पुढच्या मंगळवारपासून आत्याची भक्ती एकदम वाढली. ती रोज दुपारी लिंबाखाली जायची, दगडाच्या अगदी बुडाशी चार वातींचा दिवा लावायची आणि चांगलं कढत तेल वरून वाहायची. संध्याकाळी गार पाण्याचा तांब्या ओतायची. लोक म्हणायचे, म्हातारपणी आत्याला बुद्धी झाली. पुजाऱ्यानं तर तिचं उदाहरण देऊन सुनांना बोल लावले. गरम-गार केल्यानं थर सुटतो हे तिला कोणी सांगितलं, असं मला विचारू नका. मी विज्ञानही शिकवत होतो.

चैत्र सरता सरता, आखाजीला चार-पाच दिवस असताना, पुजारी धापा टाकत घरी आला. "मास्तर, मायनं खोळ टाकली!" अर्धं गाव लिंबाखाली जमलं होतं. शेंदराची ती खोळ ओंजळीसारखी सुटून पडली होती. आतला दगड काळा कुळकुळीत, कित्येक वर्षं ऊनवारा न लागलेला. आत्या समोर बसली होती. मी पीठ चोळलं, फडकं फिरवलं. अक्षरं अशी ठसठशीत उठली की काल कोरली असावीत.

मी मनात वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं: कैलासवासी अमुक, भ्रतार तमुक. भ्रतार म्हणजे नवरा, आणि तो आत्याचा बापच होता. आणि अमुक म्हणजे तेच नाव, जे आत्या ठेच लागल्यावर घ्यायची.

"ते तर त्या सटवीचं नाव हाये," आत्या ओरडली. "नीट वाच! चष्मा पूस!"

मी चष्मा पुसला, पण दगडावर तेच होतं. सावत्र आईचा दगड पलीकडं नाल्याच्या अंगाला होता, तो मी आधीच वहीत उतरवला होता. तेच नाव, तोच भ्रतार. माझ्या वहीत एक बाई दोनदा मेली होती. मी डोकं खाजवत बसलो, आणि पुजारी मागून अगदी सहज म्हणाला, "त्याच्यात काय? दुसरपनाची आली की तिले पहिलीचंच नाव देत जात. म्हंजे पहिली कोपत नाही. आन भांड्याईवरचे नावं नवीन टाका लागत नाही."

आणि मला आठवलं, की हे मलाही माहीत होतं. माझ्या चुलतआजीचं असंच झालं होतं. लग्नात नवऱ्यानं तांदळात नाव लिहायचं असतं, तिथं पहिलीचंच नाव लिहायचं आणि कामाला लागायचं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी छत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना इतिहास शिकवला आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

आत्या दगडाजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मी लहानपनी सऱ्याईले इचारलं, माह्या मायचं नाव काय? ते हेच सांगत. मले वाटे, तिलेच माय म्हन, असं सांगून राह्यले. मी थुकत जाओ." ती दगडाकडं पाहत होती. "मास्तर, सत्तर वर्स म्या माह्या मायलेच शिव्या देल्या काय रे?"

मी म्हटलं, "तुमच्या मनात दुसरी होती, आत्या."

"मनात काय, नाव तर हिचंच होतं ना! तिचं स्वोताचं नाव कायी दुसरंच असन. तिले तर एकबी शिवी लागली नाही. सटवी सुटली!" आणि ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बायकांनी तिला धरलं. पुजारी शेंदराची वाटी घेऊन तिष्ठत उभा होता. सरपंच म्हणाला की भिंत लिंबाच्या बाहेरून घेऊ. ती अजून झालेली नाही.

आखाजीच्या दिवशी आत्यानं मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तेव्हा चुलीसमोर पानं मांडलेली होती: पुरणपोळी, आमरस, कुरडई, वडे. मातीची घागर भरलेली होती. बापाचं नाव घेऊन तिनं घास टाकला, सासू-सासऱ्याचा टाकला, नवऱ्याचा टाकला. मग आईचं पान आलं. तिनं घास उचलला, ओठ उघडले, नाव घेतलं. आणि नावाच्या पाठोपाठ, सवयीनं, शिवी बाहेर पडली.

तिनं तोंडावर हात मारला. पुन्हा प्रयत्न केला. नाव अर्ध्यावर आलं की जिभेला पुढचं आपोआप सुचत होतं, सत्तर वर्षांची वहिवाट होती ती. तिनं दात आवळून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. हातातला घास तसाच, तूप कोपरापर्यंत ओघळलेलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तूच घे. माह्या तोंडून ते नाव चोखं निंगत नाही."

मी विस्तवाशी सरकलो आणि वर्गात हजेरी घेताना घ्यायचो तसं ते नाव खणखणीत घेतलं. आत्यानं घास टाकला. तूप चरचरलं आणि धूर झाला.

"अजून एक डाव घे," ती म्हणाली. "मले आयकू दे."

मी पुन्हा घेतलं.