खिडकीत ठेवलेल्या चपला

बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दिवा गेला. दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं. कोळंबीच्या कंपनीतली ती बर्फाची खोली. चारी बाजूंना गोठलेल्या मालाची खोकी, डोक्यावर पंख्यांची घरघर, आणि आत फक्त मी आणि सालोमी. मी दाराकडे धावले ती खोक्याला अडखळून पडले. दाराला आतून ढकलायची दांडी होती, पण तिच्यावर बर्फ चढला होता, ती हलेना. आम्ही दार बडवलं, ओरडलो, सुपरवायझरला शिव्या दिल्या. शिव्या मी दिल्या, सालोमीने नाही. पंख्यांच्या आवाजात माझं ओरडणं मलाच बारीक वाटत होतं, एवढ्या जाड दारापलीकडे काय जाणार!

सालोमी गेल्या महिन्यात वारली. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी तो अंधार आठवतो, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

आम्ही दोघी तुर्भ्याला कोळंबी सोलायला होतो. माझा नवरा वाशीच्या मार्केटात पोती वाहायचा. तो गेल्यावर मी या कामाला लागले. सालोमी नगरकडची, ख्रिस्ती, तीही विधवा. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून उभं राहायचं, कोळंबीचं डोकं मोडायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा. तिचा एकुलता एक मुलगा दानिएल परदेशी जहाजावर कामाला गेला होता. आधी त्याची पत्रं यायची, मग यायची बंद झाली. जहाजाच्या कंपनीवाले काही सांगत नव्हते. ती त्याच्याबद्दल कुणाशी बोलत नसे. आम्हीही विचारत नसू. विचारून काय करणार होतो...

संध्याकाळी आम्हाला घरी सोडायला टेम्पो यायचा. तो सुटायच्या आधी सालोमी डोळे मिटून उभी राहायची आणि एकेकीचं नाव घेऊन तिची काळजी देवाला सांगायची. "प्रभू, तुळसाचा गुडघा दुखतोय. प्रभू, हौसाच्या सुमनचे दिवस भरत आलेत." हौसा म्हणजे मी, सुमन माझी मुलगी. ती बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. मी एकदा म्हटलं, "तुजा देव काय सुपरवायझर हाय व्हय गं, रोज हजेरी द्यायला?" ती डोळे न उघडता म्हणाली, "सुपरवायझर असता तर तुझी कवाच खाडे मांडून सुट्टी केली असती." बायका हसायच्या. पण आपलं नाव येईपर्यंत टेम्पोत कुणी चढत नसे. दिवाळे गावची तुळसा तर अडून बसायची, "ए बाय, माजं नाव र्‍हायलं ना!" तिच्या घरी देव्हारा होता, गावात देऊळ होतं, तरी सालोमीच्या तोंडून नाव आल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

बर्फाच्या खोलीचा आमचा एक नियम होता, कुणी लिहून दिलेला नाही. आत जाणारीने आपल्या चपला दाराशी काढायच्या आणि कंपनीचे बूट घालायचे. दाराशी चपला दिसल्या की आत बाई आहे, कडी लावायची नाही. त्या दिवशी बाहेरची पार्टी माल बघायला येणार होती, म्हणून तुळसाला सगळी फरशी धुवायला लावली होती. आम्ही दोघी आत, मागच्या बाजूला पडलेली खोकी उचलत होतो. पाण्यात आमच्या चपला भिजतील म्हणून तिने त्या उचलून उंच खिडकीत ठेवल्या. चांगल्या मनाने ठेवल्या. सुपरवायझर आला, दाराशी चपला नाहीत, त्याने कडी लावली.

आत माझे हातमोजे ओले होते, ते हातावरच कडक व्हायला लागले. सालोमीने चाचपून ते ओढून काढले आणि आपले कोरडे मला घातले. मी घेतले. मग तिने माझा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "चाल. बसायचं नाही." खोक्यांच्या मधल्या बोळात आम्ही फेऱ्या मारत राहिलो. ती नावं घेऊ लागली. रोजच्यासारखीच. तुळसाचा गुडघा, कुणाचा दारू पिणारा नवरा, कुणाच्या पोराचा दहावीचा निकाल. माझं डोकं फिरलं.

"अगं, मरायला लागलोय आपण! आधी दार उघडायला सांग की त्याला!"

"सांगितलं. पहिलं तेच सांगितलं."

"मग उघडंल का?"

"ते मला कुठं माहीत?"

"मग कशाला बडबडतीस?"

ती थांबली नाही, चालतच राहिली. म्हणाली, "भीती वाटती म्हणून. तुला काय वाटलं, मला वाटत नाही? गप राहिले तर नुसती भीतीच उरंल. बोलले म्हणजे कुणाशी तरी बोलतेय एवढं तरी राहतं."

मला ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तिचा आवाज होता तोवर पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळत होतं. माझे पाय जड झाले, खाली बसावंसं वाटू लागलं. मी बसलेच. तिने मला केसाला धरून उठवलं. "सुमनला कोण बघणार? ऊठ! प्रभू, हिच्या सुमनला सुखरूप सोडव, अन् हिला उठव, ही फार जड आहे." मला हसू आलं आणि मी उठले. नंतर माझ्या कानाशीच, पण मी तिथे नाहीच अशा हळू आवाजात, ती म्हणाली, "प्रभू, माझा दानिएल..." पुढे तिला काही सांगता आलं नाही. टेम्पोपाशी रोज सगळ्यांची नावं घेणारीने ते एक नाव कधी घेतलं नव्हतं.

बाहेर टेम्पो भरायला आला होता, पण बायका चढेनात. नावं झाली नव्हती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "सालोमी कुठं हाय?" तुळसाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला खिडकीतल्या चपला आठवल्या. ती दुखऱ्या गुडघ्याने धावत आली, असं मला बायकांनी नंतर सांगितलं. दार उघडलं तेव्हा ती छाती बडवून रडत होती आणि सालोमी तिला म्हणत होती, "रडू नको गं, तू चपला भिजू दिल्या नाहीस..."

सुमनला पुढच्या आठवड्यात मुलगी झाली. सालोमीच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची बधिर झाली. सोलता येईना, कंपनीने तिला काढलं. मी तिला स्पष्ट विचारलं, "तुज्या देवानं बोटं का घेतली?" ती म्हणाली, "विचारलंय मी. अजून बोलला नाही." तिला राग नव्हता असं नाही. राग आला की त्यालाच बोलायची, मग चहा टाकायची. जुईनगरला चर्चच्या बालवाडीत ती पोरांना खाऊ वाटायचं काम करू लागली. मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जात असे.

शेवटी फुप्फुसांनी तिला घरात अडकवलं. खाटेवरून खिडकीपर्यंत जायचं तरी धाप लागायची. मी गेले की म्हणायची, "दम पुरत नाही. नावं तू घे." मी म्हटलं, "मी काय तुज्या धर्मातली हाय?" "तो कुठं विचारतोय?" मग मी घेतली. मला तिच्यासारखं जमत नाही. मी नुसती नावं सांगते, शेवटी दानिएल. तो आला नाही. मातीलाही आला नाही. आहे की नाही तेही कुणाला माहीत नाही. ती शेवटपर्यंत त्याचं नाव जिवंत माणसाचं घेतात तसं घेत होती.

परवा तिची खोली आवरायला गेले. दाराशी तिच्या चपला होत्या. तिला नेलं तेव्हा कुणी उचलल्या नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "आत घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे." दाराशी बसून मी नावं घेतली, उठले, स्टेशनवर आले.

त्या बर्फाच्या खोलीतून दोघी जिवंत बाहेर आलो होतो. आता मी आहे.