खालच्या पायरीवर बसवलेली आई

माझ्या आईला सरांनी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "हसायचं नाही. आदिम माणूस हसत नसतो."

आई हसत होती, कारण तिला वाटलं होतं की लेकीच्या कॉलेजात आपला सत्कार आहे. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती बिचारी. सरांनी ते बदलायला सांगितलं. फाटकं हवं होतं त्यांना. फाटकं नव्हतं तर चांगल्यालाच चुलीची राख फासली.

हैदराबाद राज्य मोडलं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मराठी जिल्हे एकीकडे गेले, कानडी दुसरीकडे, आणि शहर नव्या तेलुगू राज्याची राजधानी झालं. त्याचा समारंभ आमच्या तारनाक्याकडच्या कॉलेजात ठेवला होता. समाजशास्त्राच्या आमच्या सरांनी देखावा बसवला. नाव 'मानवाची वाटचाल'. लाकडी खोक्यांच्या पायऱ्या, वर गेरू. मी सांगताना त्या गोवळकोंड्याएवढ्या उंच सांगते. होत्या माणसाएवढ्या. तळाला भटके. त्यावर गुराखी. त्यावर शेतकरी. आणि शेंड्यावर नागरिक, म्हणजे सरांची पुतणी वत्सला. जरीची साडी, कानाला टेलिफोन. टेलिफोनला तारच नव्हती. कुणाशी बोलत होती देव जाणे.

आम्ही घिसाडी. गाडीवर भाता, ऐरण, घण आणि वर पोरं. गावात उतरायचं, विळे-कुऱ्हाडी घडवायच्या, चाकांना लोखंडी धावा चढवायच्या, पुढं निघायचं. आमच्यात बाप सांडशीत तापलं लोखंड धरतो आणि घण आई मारते. माझ्या आईनं घण हाणला की सात गावांतली कुत्री गप्प बसायची. बरं, सात नाही. पण त्या गावातली नक्की.

त्या गाडीतून मी कॉलेजापर्यंत कशी आले, त्या किश्श्यात एक गाढव आणि एक तहसीलदार आहे. दोघांत जास्त शहाणं कोण, ते मी इथं सांगत नाही. पण आले. आणि आले तशी सर मला पाहुण्यांना दाखवायला लागले. "ही आमची घिसाडी मुलगी." कुणी घरात मोर पाळावा तसं. मी मान खाली घालायची. वसतिगृहातली माझी जागा त्यांच्या सहीवर होती. सही थांबली की मी रस्त्यावर. आणि रस्त्यावर गेले की शिक्षण संपलं, कारण आमचा रस्ता कॉलेजाच्या दारात थांबत नाही.

म्हणून ते म्हणाले, "तुमची गाडी मुसी नदीकाठी उतरली आहे ना? आईला घेऊन ये, हत्यारांसकट," तेव्हा मी हो म्हटलं.

"आणि हो, एक चांगला विळा आण. आमच्या शेतकऱ्याच्या हातात द्यायला."

आणला. विळा दोन पायऱ्या वर गेला. ज्यांनी घडवला त्यांतली एक खाली राख फासून बसली. आमचं लोखंड नसतं तर तो शेतकरी काय नखांनी ज्वारी कापणार होता? हे माझ्या मनात आलं. तोंडात आलं नाही.

पडदा पडलेला होता. पलीकडे हॉल भरत होता. पुढच्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या बायका. बाबा बाहेर बैलांपाशी बिडी ओढत बसला होता. सर आईजवळ आले.

"विस्तव नको, मंडप पेटेल. नुसती ऐरण ठेव आणि पडदा उघडला की त्यावर घण मार. ठण्ण आवाज आला पाहिजे."

आईचं हसू तेव्हा गेलं.

"न्हाई सायेब. रिकाम्या ऐरणीवर मारत न्हाईत."

"का?"

"घरातलं मानूस गेलं की मारत्यात. माजा मालक भाईर बसलाय, जिता."

आमच्यात तेच आहे. ऐरणीवर तापलं लोखंड असलं तरच घण. रिकाम्या ऐरणीचा ठोका म्हणजे मयताची खबर. तो ऐकला की आसपासच्या गाड्या थांबतात, बाया रडत येतात.

सर खूश झाले. अगदी खूश! वर वळून वत्सलाला म्हणाले, "बघितलंस? यालाच म्हणतात प्राथमिक अवस्था." वत्सला टेलिफोनमध्ये हसली. पडद्याच्या दोरीपाशी उभा असलेला चपराशी कंटाळला होता. "क्या अम्मा, एक मारको छोड दो ना. किस्सा खतम."

मग सर माझ्याकडे वळले. आवाज हळू, साखरेचा.

"तू शिकलेली आहेस. समजाव तिला. नाहीतर तुझ्या जागेच्या कागदावर माझी सही राहील, असं मला सांगता यायचं नाही."

आईला शहरी मराठी अर्धीच कळायची. एवढं मात्र पूर्ण कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठली. पदर खोचला आणि घण उचलला. जिवंत नवऱ्याच्या नावाचा ठोका मारायला. माझ्या खोलीसाठी.

मी दांडा धरला.

"आई, ठेव."

"ऱ्हाऊ दे बाय, तुजं शिक्षान..."

"ठेव म्हणते ना!"

माझा आवाज असा निघाला की चारमिनारवरची कबुतरं उडाली. तारनाक्यावरून, तीन कोसांवरून! चपराशाला वाटलं, हीच खूण. त्यानं पडदा ओढला.

समोर सगळा हॉल. आणि माझं तोंड आता बंद होईना.

"सर, तुमची बदली मराठवाड्यात झाली. उद्या इथल्या हिमायतनगरात तुमच्या दारात लॉरी लागणार. पलंग, कपाटं, देव्हारा, सगळं वर चढणार. मग तुम्ही कुठल्या पायरीवर बसणार?"

हॉलमध्ये कुणी खोकलं. त्या हिवाळ्यात मराठी-कानडी नोकरदारांना आपापल्या नव्या राज्यांत धाडत होते, निम्म्या शहराचं सामान बांधलेलं होतं. काचीगुड्याच्या फलाटावर कारकुनांच्या ट्रंका अशा रचलेल्या असायच्या की आगगाडी दिसायची नाही. आठवड्यापूर्वी वर्गात हेच सर रडले होते. पाच पिढ्या या शहरात राहिलो, आता कुठं जाणार म्हणून. आम्ही मुलींनी त्यांना पाणी आणून दिलं होतं.

"ती सरकारी बदली आहे," सर म्हणाले. ओठ पांढरे. "तुमचं भटकणं वेगळं."

वेगळंच! ते हलले की बदली. आम्ही हललो की भटकणं. त्यांच्यामागं लॉरी आणि भत्ता. आमच्यामागं पोलीस पाटील.

मी ऐरण उचलून खांद्यावर घेतली. दोन मण होती म्हणते मी. खरं वजन विचारू नका, खांदा महिनाभर काळानिळा होता. आईनं शेतकऱ्याच्या हातून विळा काढून घेतला. तो एका प्राध्यापकाचाच मुलगा होता. त्यानं मुकाट्यानं दिला. आणि आम्ही दोघी पुढच्या रांगेसमोरून, मोठ्या साहेबांच्या पायांवरून, बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक वसतिगृहाच्या पायरीवर होती. मराठवाड्यात जायच्या आधी सरांनी वत्सलाबरोबर निरोप धाडला. माफी माग, जागा परत मिळेल. वत्सला हळूच म्हणाली, "माग की गं. दोन शब्द तर आहेत."

"त्यांनाच पाठव माझ्या आईकडं. दोनच शब्द तर आहेत."

मी मुसीकाठच्या गाडीत राहिले. तिथून चालत कॉलेजला. माझ्यापायी बाबानं त्या वर्षी गाडी हलवली नाही. शहरात काम नव्हतं, मग सगळ्यांनीच एक वेळ खाल्लं. आईनं बोलून दाखवलं नाही, बाबानं रोज दाखवलं.

परीक्षेत प्रश्न आला: मानवी समाजाच्या विकासाच्या अवस्था क्रमानं लिहा. मी लिहिलं, हा क्रम खोटा आहे. बसलेल्यांनी आणि हिंडणाऱ्यांनी मिळून समाज घडवला. नांगर एकाचा, फाळ दुसऱ्याचा. पायऱ्या नंतर बसलेल्यांनी रचल्या, स्वतःला वर ठेवून.

नापास केलं. पुढच्या वर्षी परत बसले, तेच लिहिलं. परत नापास. आईनं विचारलं, "बाय, त्यास्नी पायजे तसं लिवलं तर?"

"नाही लिहिणार."

तिसऱ्यांदा बसले तेव्हाही तेच लिहिलं. आजही कुणी कागद पुढं केला तर तेच लिहीन.